कचरा कोण नेतो, कुठे नेतो?



उसाच्या मासिकात कचऱ्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. शेतकी खात्याने बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते यावर लिहावे, केरकचरा हे ग्रामपंचायतीचे काम. म्हणणे रास्त आहे. परंतु गेले काही हंगाम लागणीच्या नोंदी घेण्यास आम्ही आपल्या शिवारात फिरतो, तेव्हा सरी सोडल्यावर मातीवर काय दिसते ते आपणही पाहता. शेणखताबरोबर दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शांपूची पाकिटे, फुटलेल्या बल्बच्या काचा, लहान मुलांचे डायपर; एका प्लॉटमध्ये तर इंजेक्शनची सुई निघाली. हे काही आभाळातून पडलेले नाही. आपल्याच उकिरड्यातून, आपल्याच ट्रॉलीत भरून, आपणच ते रानात पसरले आहे.

पूर्वी नांगराच्या फाळाला पिशवी अडकली तर गडी वाकून ती काढून बांधावर टाकी. आता रोटाव्हेटर फिरतो आणि एका पिशवीच्या शंभर चिंध्या करून मातीत मिसळून देतो. त्या कोणी वेचायच्या? उसाची मुळी त्यातून वाट काढते, पाणी मात्र त्यावर अडते. आणि तोडणीला आलेल्या बाईच्या पायात काच घुसते ती याच रानात.

घंटागाडी आली की हा प्रश्न सुटेल, असे आपण सर्वजण धरून चाललो होतो. वित्त आयोगाच्या निधीतून आपल्या भागातील बऱ्याच ग्रामपंचायतींनी गाड्या घेतल्या. गाणे वाजवीत गाडी येते, लोक बादली रिकामी करतात, झाले. पण पुढे काय? एका गावची गाडी ओढ्याच्या काठी रिकामी होते. दुसऱ्या गावची गायरानात, तिथे आठवड्याला काडी लावतात. तिसऱ्या गावच्या गाडीला ओल्याचा हिरवा व सुक्याचा निळा असे दोन खाने आहेत, मात्र दोन्हींत माल एकच. आणखी एका गावात, गाडी तशीच असूनही, सुका माल पोत्यांत भरून दर महिन्याला भंगारवाल्याला जातो व ओल्याचे खत होते. गाडी सारखी, निधी सारखा, शासनाचे परिपत्रकही सारखेच. मग गावागावांत एवढा फरक कशाने पडतो? हे समजून घेण्यासाठी आम्ही थोडी माहिती जमवली. ती जरा दूरदूरच्या ठिकाणची आहे, पण वाचताना आपले शिवार डोळ्यांपुढे ठेवावे.

उकिरड्याची रीत

आपल्या आजोबांच्या काळी घराचा कचरा घराबाहेर जातच नव्हता म्हटले तरी चालेल. चुलीची राख, शेण, वैरणीचे उष्टे, अंगणातला केर, भाजीची देठे, सगळे उकिरड्यात. आणि उकिरडा पावसाआधी रानात. जे घरातून निघे ते मातीला चालत असे, म्हणून निवडण्याचा प्रश्नच नव्हता. याच रीतीला नीटस रूप देण्याचे काम इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने केले, व त्यांच्या जोडीला आपले यशवंत वाड होते. दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले. थर कसे द्यावेत, ओल किती ठेवावी, चाळवणी केव्हा करावी हे सर्व त्यात आले आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पुढे बंगलोरला डॉ. आचार्य यांनी शहरी कचऱ्याकरिता खड्ड्याची पद्धत बसवली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची नॅडेप टाकी तर आपल्यापैकी अनेकांच्या मळ्यात आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, जाळीदार विटांची. तेव्हा कुजवण्याच्या शास्त्रात आपण कुणाच्या मागे नाही.

मात्र जुन्या रीतीचे नुसते गोडवे गाण्यातही अर्थ नाही. घरचा उकिरडा ज्याचा तो पाही, पण गावचे रस्ते झाडणे, मेलेले जनावर ओढून नेणे ही कामे गावगाड्याने ठरावीक जातींच्या माथी मारली होती. काम त्यांचे, आणि विटाळही त्यांनाच. कचरा कोण उचलतो या प्रश्नाला आपल्याकडे हा जुना इतिहास चिकटलेला आहे, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. आजही घंटागाडीवर माणूस नेमायचा म्हटले की ग्रामपंचायतीत कोणाचे नाव पुढे येते ते आपण जाणता.

पुण्याच्या बायांची सहकारी संस्था

पुणे शहरात हातगाडी ढकलीत दारोदार कचरा घेणाऱ्या बाया कामानिमित्त गेलेल्या सभासदांनी पाहिल्या असतील. यांतील कितीतरी जणींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून शहराकडे गेलेली, आणि बहुतेक दलित समाजातील. त्याच दुष्काळी पट्ट्यातून आपल्याकडे तोडणीच्या टोळ्या येतात. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिच्याकडे यायचे आहे.

पूर्वी या बाया रस्त्यावरच्या कोंडाळ्यांतून कागद, काच, पत्रा, बाटल्या वेचून भंगारच्या दुकानी विकत. लोक चोर म्हणत, पोलीस हटकत, कुत्री अंगावर येत. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे ओळखपत्रे मिळाली, म्हणजे निदान 'कोण ग तू?' या प्रश्नाला उत्तर मिळाले. त्यानंतर विचार असा झाला, की माल कोंडाळ्यात सडून घाण झाल्यावर वेचण्यापेक्षा घराच्या दारातच वेगवेगळा का घेऊ नये? त्यातून 'स्वच्छ' ही सेवा सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. संस्थेच्या सभासद स्वतः वेचणाऱ्याच. आपल्यासारखीच सभासदांच्या मालकीची संस्था, फक्त माल वेगळा.

व्यवहार कसा चालतो ते पाहा. प्रत्येकीची घरे ठरलेली असतात. ती ओला कचरा वेगळा घेते, सुका वेगळा. घरटी दरमहा ठरलेले पैसे मिळतात. ओला माल ती महापालिकेच्या गाडीला देते. सुका माल मात्र तिचा. तो ती निवडते, पोती भरते आणि विकते, पैसे तिच्या पदरात. आमच्या मते सगळी मेख इथे आहे. भाजीचा रस्सा वर्तमानपत्राच्या रद्दीवर सांडला तर त्या रद्दीला भाव येत नाही, म्हणजे नुकसान तिचे. म्हणून मिसळलेली बादली दिली की ती जागच्या जागी बोलते. पगारी माणसाला पिशवीत काय आहे याचे काय देणेघेणे? त्याचा पगार ओल्याला तेवढाच, सुक्याला तेवढाच. मालाचा हक्क ज्याला आहे तोच माल राखतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वाट्याने केलेला मळा आणि रोजंदारीवर केलेला मळा यांत फरक का दिसतो हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट या बायांनी लोकांना शिकवली. बायकांचे पॅड व मुलांचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे हाताने निवडणाऱ्या माणसाला आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळते. एवढ्याशा ठिपक्याला खर्च काय येतो? पण तो काढण्यासाठी आपला कचरा कोणीतरी माणूस हाताळतो हे आधी मनात यावे लागते.

सगळे आलबेल आहे असेही नाही. वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांना भंगारात कोणी विचारत नाही. काही घरे पैसे देताना कुरकुरतात. करार संपत आला की हे काम ठेकेदाराला द्यावे असा सूर निघतोच. २०२१ च्या सुमारास तसा मोठा पेच झाला होता. तरी हजारो बायांची ही संस्था टिकून राहिली, आणि एवढ्या मोठ्या शहरात.

कैरोची डुकरे

आता जरा लांब जाऊ. इजिप्त देशाची राजधानी कैरो. तेथे १९४० च्या दशकात दक्षिणेकडील दुष्काळी खेड्यांतून काही गरीब ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे आली आणि कचरा उचलू लागली. त्यांना झब्बालीन म्हणतात, म्हणजे कचरेवाले. त्यांच्या आधी वाहिया नावाची वाळवंटातील मरूद्यानांकडची मंडळी तिथे होती. कोणत्या इमारतीचा कचरा कोणी न्यायचा याचे हक्क वाहियांच्या हाती, घरमालकाकडून पैसे घेणारेही तेच. झब्बालीन गाढवगाडी घेऊन जिने चढायचे, माल उतरवायचे, आणि वर वाहियांनाच पैसे मोजायचे. मुकादम आणि टोळी ही जोडी फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नये.

झब्बालीन शहराच्या कडेला मोकत्तम टेकडीखाली राहतात. कचरा घरी आणून सर्व कुटुंब तो निवडते. कापड, कागद, पत्रा, प्लॅस्टिक वेगळे करून विकतात, काहींनी प्लॅस्टिक दळण्याची यंत्रेही बसवली. उरलेसुरले अन्न डुकरांना. या मार्गाने गोळा केलेल्या मालापैकी पाचांत चार भाग कामी लागतो असे अभ्यासकांनी नोंदले आहे. गलिच्छ वस्ती म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

सरकारला हे मागासलेले वाटले. २००३ च्या सुमारास परदेशी कंपन्यांना मोठ्या मुदतीचे ठेके दिले गेले. मोठाल्या यांत्रिक गाड्या आल्या, रस्त्यावर डबे आले, वीजबिलात कचऱ्याचा आकार लागला. पण गाडी अरुंद बोळात जाईना. दारातून कचरा नेला जाण्याची सवय असलेले लोक खाली उतरून डब्यापर्यंत जाईनात. आणि कंपन्यांनी माल दाबून नेऊन पुरण्यावरच भर दिला, निवडण्यावर फारसा नाही.

पुढे २००९ साली स्वाइन फ्लूची साथ जगात सुरू झाली. इजिप्तमध्ये तेव्हा एकही रोगी नव्हता, डुकरांपासून माणसांत साथ पसरत असल्याचा पुरावाही नव्हता. तरी सरकारने देशातील सगळी डुकरे, सुमारे ३ लाख, मारून टाकण्याचा हुकूम काढला. परिणाम काय झाला? झब्बालीनांना खरकटे नेण्याचे कारणच उरले नाही. ते सुका माल उचलू लागले आणि अन्न तिथेच टाकू लागले. काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर खरकट्याचे ढीग लागले. मोठमोठ्या यंत्रांना जमत नव्हते ते काम डुकरे निमूटपणे करीत होती, हे मग सर्वांना कळले.

ओल्याला कोणीतरी खाणारा पाहिजे. कैरोत ते डुकरू होते. आपल्याकडे म्हैस आहे, कोंबड्या आहेत, आणि सर्वांत मोठी खाणारी म्हणजे आपली काळी आई आहे. शहरवाल्यांकडे हीच गोष्ट नाही. म्हणून खेड्यातल्या ओल्या कचऱ्यासाठी गाडी हवी अशी जी मागणी आपण करतो ती आम्हांस पटत नाही.

गाडी नसलेले गाव

जपानमध्ये शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचे डोंगरातले गाव आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास, त्यात म्हातारी माणसे फार. शेती डोंगरउताराची. हॉटेलच्या ताटात शोभेसाठी ठेवायची पाने-फुले तोडून विकण्याचा धंदा तेथील आजीबाईंनी वाढवला, त्याचे कौतुक पुष्कळ छापून आले आहे. पूर्वी हे गावही आपल्यासारखे कचरा उघड्यावर जाळीत असे. मग भट्टी बसवली; पण जळणाऱ्या प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या डायऑक्सिन या विषारी द्रव्याबाबत नियम कडक झाले आणि २००१ च्या सुमारास भट्टी बंद करावी लागली. नवी भट्टी गावाला परवडणारी नव्हती. तेव्हा २००३ साली गावाने ठराव केला की २०२० पर्यंत जाळायला व पुरायला काही उरू द्यायचे नाही.

तेथे घंटागाडी नाहीच. ओले ज्याच्या त्याच्या परसात कुजते. त्याच्या डब्याला ग्रामसभेने अनुदान दिले. सुके धुऊन, वाळवून लोक स्वतः केंद्रावर नेतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत टाकतात. ज्यांच्याने होत नाही अशा म्हाताऱ्यांकडे मात्र माणूस येतो. २०२० पर्यंत शंभर टक्के काही साधले नाही. डायपर, चपला-बूट असल्या वस्तूंनी दाद दिली नाही. पण पाचांत चार भाग साधले.

एवढे प्रकार ऐकून आपल्याकडे कोणीही हसेल. आम्हीही ते सांगणार नाही. दोन झाले तरी पेढे वाटू. परंतु तेथील एक गोष्ट घेण्यासारखी आहे. प्रत्येक डब्यावर पाटी असते, की हा माल कुठे जातो, त्याचे काय होते, आणि तो विकून गावाला किती येतात किंवा विल्हेवाटीस गावाचे किती जातात. आपण वजनकाट्याची पावती हातात पडल्याशिवाय ट्रॉली हलवत नाही. कचऱ्याची पावती आपण कधी मागितली आहे काय?

लांब जाण्याची गरज नाही असे म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन यावे. सिंधुदुर्गातील सुमारे १२ हजार वस्तीची ही नगरपरिषद. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरातच कचरा वेगळा घ्यायचा, मिसळलेला घ्यायचाच नाही, हा नियम तेथे कडकपणे पाळला गेला. ओल्यापासून गॅस व खत, प्लॅस्टिकचा चुरा डांबरात मिसळून रस्त्याला. जिथे पूर्वी कचऱ्याचा डेपो होता तिथे आता लोक बघायला जातात.

माल कोणाच्या रानात जातो

आतापर्यंत नेणाऱ्याचा विचार झाला. कुठे नेतो हेही पाहिले पाहिजे, कारण तिथे शेतकरीच बसलेला असतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे देवाची उरुळी आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. ही काही पडीक माळरानाची गावे नव्हेत, बागायती गावे. ढिगातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या, माश्या, कुत्री, आगीचा धूर. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. २०१४ साली तर शहराचा कचरा कित्येक दिवस तुंबून राहिला, तेव्हा कुठे शहराला आठवले की या जागेला लागून माणसे राहतात. मिसळलेला कचरा सोसायटीच्या दारातून हलला की शहरवाल्याच्या लेखी तो संपतो. शेतकऱ्याच्या लेखी तिथून सुरू होतो.

याच कारणाने आणखी एका बाबतीत सावध करणे आमचे काम आहे. हल्ली शहरी कंपोस्ट शेतकऱ्याच्या बांधावर आणून दिले जाते. चांगले असेल तर जरूर घ्यावे. आपल्या जमिनींचा सेंद्रिय कर्ब घसरलेला आहे आणि उसाला हेक्टरी २० ते ३० टन शेणखत द्या असे आम्ही सांगत असलो तरी तेवढी जनावरे आता दावणीला कोणाकडे आहेत? परंतु घेण्यापूर्वी पाहून घ्यावे. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष दिलेले आहेत. ते ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के हवा, कर्ब-नत्राचे प्रमाण २० च्या आत हवे, आणि किलोला शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. राज्यात चाचणीस उतरलेले कंपोस्ट 'हरित महासिटी कंपोस्ट' या नावाने विकण्याची सोय झाली. पोत्यावर नाव, परवाना व तपासणीचा तपशील नसेल, सुटा माल फुकट टाकून देतो असे कोणी म्हणत असेल, तर तो खत देत नसून आपले रान डेपो म्हणून वापरीत आहे असे खुशाल समजावे. सेल आणि बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे एकत्र कुजवलेल्या ढिगातून जड धातू मातीत उतरले की ते नांगराने निघत नाहीत आणि पाण्याने धुऊन जात नाहीत.

आपल्या तीन वस्त्या

आता आपल्याकडे येऊ. आपल्या कार्यक्षेत्रात कचऱ्याच्या दृष्टीने गाव एक नसते, तीन असतात: गावठाण, मळ्यातल्या वस्त्या, आणि हंगामात तोडणी मजुरांचा तळ.

गावठाणात गाडी येते. तेथे सुधारणा करायची तर गाडीवरच्या माणसाला सुक्या मालाच्या विक्रीत हिस्सा देण्याचा ठराव ग्रामसभेत करून पाहावा. ज्या गावात सुका माल पोत्यांत जातो असे वर लिहिले, तेथे नेमके हेच झाले आहे. गाडीवरचे नवरा-बायको माल विकतात, ग्रामपंचायत त्यात हात घालत नाही. सरपंचांना आम्ही विचारले तर ते म्हणाले, "साहेब, दोन-चार रुपयांवर डोळा ठेवला असता तर आमची पण गाडी ओढ्यालाच गेली असती."

मळ्यातल्या वस्त्यांवर गाडी येत नाही आणि येणारही नाही, डिझेल परवडत नाही. पण वस्तीला ओल्यासाठी गाडी लागतच नाही. पाचटाच्या थरात, गोठ्याच्या शेणात ते जिरते. नॅडेप टाकी असेल तर तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत देऊन जाते. प्रश्न उरतो सुक्याचा, आणि तो सडत नाही, वास मारत नाही, महिनाभर पोत्यात राहू शकतो. दावणीच्या छपराला खताचे एक रिकामे पोते टांगावे. दूध संकलनाची गाडी रोज वस्तीवर येतेच. महिन्यातून एक दिवस तिने परतताना पोती आणावीत, अशी सोय एक-दोन दूध संस्थांशी बोलून होण्यासारखी आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला आनंदाने नेतो. औषधांच्या बाटल्यांचे मात्र तसे नाही. त्या तीन वेळा धुऊन, धुतलेले पाणी पंपात ओतून, बाटलीला भोक पाडून वेगळ्या ठेवाव्यात. त्यात तेल, रॉकेल, पाणी भरून ठेवल्याने घरात काय अनर्थ होतात ते सांगण्याची गरज नाही.

आणि पाचटाबरोबर प्लॅस्टिक पेटवू नये. तसे तर पाचटही पेटवू नये, हे आम्ही प्रत्येक अंकात सांगतो आणि आपण प्रत्येक अंकात वाचता.

राहिला तळ. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात, पाच-सहा महिने राहतात. पन्नास-साठ कोप्यांचा तळ म्हणजे एक लहान वाडीच, पण तिला घरपट्टी नाही म्हणून ती ग्रामपंचायतीच्या वहीत नाही, आणि वहीत नाही म्हणून गाडी नाही. माणसे बीडकडची, जालन्याकडची. मतदान तिकडे, रेशनकार्ड तिकडे, कचरा इथे. मीठ-मसाल्याच्या पुड्या, तेलाच्या पिशव्या, औषधांची पाकिटे, सर्व कोपीच्या मागे साठते, त्यातच लेकरे खेळतात. टोळी गेली की पहिल्या वळवात ते सगळे चारीत उतरते आणि मग पाणी तुंबले म्हणून आमच्याकडे तक्रार येते. बायकांच्या अडचणीचे कपडे व पॅड टाकण्याची तर काहीच सोय नसते. उसाच्या फडातच ते जातात. त्यांच्याच गावाकडून पुण्याला गेलेल्या बाया लाल ठिपका काढायला शहराला शिकवतात, आणि इकडे आलेल्या बायांना कागद टाकायला जागा नाही.

बैलगाडीच्या टोळ्यांना जागा द्यायला शेतकरी एका पायावर तयार असतो, कारण बैलांचे शेण त्याच्या रानाला मिळते. तळाचे शेण आपण मोजून नेतो. तळाचा कचरा कोणी नेत नाही.

यावर आम्ही शेतकी समितीपुढे एक साधी योजना मांडत आहोत. प्रत्येक तळावर दोन पिंप, एक ओल्याचे व एक सुक्याचे. तळाशेजारी जागामालकाच्या संमतीने एक खड्डा, त्यात ओले व शेण एकत्र. पॅड व डायपरसाठी झाकणाचा वेगळा डबा. आणि गावची घंटागाडी आठवड्यातून दोनदा तळाला जाईल यासाठी संबंधित ग्रामपंचायतीस कारखान्याकडून डिझेलपुरते पैसे. सुका माल तळावरील ज्या बाईने निवडला तो विकण्याचा हक्क तिचाच, त्यात मुकादमाचा वाटा नाही, हे करारपत्रात लिहून घ्यावे असा आमचा आग्रह राहील. काही संचालकांना हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. आम्हांस तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ज्या सभासदांच्या जागेत येत्या हंगामात टोळ्या उतरणार आहेत त्यांनी जागेचा गट नंबर, कोप्यांची अंदाजे संख्या, बैलगाडी की ट्रॅक्टर, आणि जवळ पाणी कोठे आहे एवढी माहिती सप्टेंबरअखेर आपल्या गट ऑफिसला द्यावी. खड्डा काढून देण्यास तयार असल्यास तसेही कळवावे. फॉर्म चिटबॉयकडे मिळतील.